पोत्यातली पाच पिल्लं: बेळगावजवळच्या श्वान-निवाऱ्यातली पार्व्होची साथ आणि इंटर्नचं प्रशिक्षण

पार्व्हो हा पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब घडवणारा, विष्ठेतून पसरणारा विषाणूजन्य आजार. त्याच्या साथीचं हे प्रकरण शिकवणीसाठी बांधलेलं आहे. निवारा, पिल्लं आणि दिवसांचा क्रम ठरवून घेतला आहे. औषधांच्या मात्रा, जंतुनाशकाचं प्रमाण, नियम आणि होणाऱ्या चुका मात्र रोजच्या कामातल्या आहेत.

पशुवैद्यकीचा विद्यार्थी साडेचार वर्षं शिकतो आणि एक वर्ष इंटर्नशिप करतो. अथणीच्या महाविद्यालयातला असो की शिरवळच्या, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि दवाखान्यात आणलेली पाळीव कुत्री तो बघतो. निवाऱ्यातलं कुत्रं बहुधा त्याच्यासमोर येतं ते नसबंदीच्या टेबलावर, भूल दिलेल्या अवस्थेत. मागच्या शेडमध्ये कोण झाडतं, कुठल्या क्रमाने झाडतं, बादली कुठे ठेवतं, हे त्याने पाहिलेलं नसतं. साथ पसरते ती नेमकी तिथून. म्हणून निवाऱ्यात आलेल्या इंटर्नच्या हातात सलाईनच्या आधी खराटा द्यायला हवा, असं आमचं ठाम मत आहे, आणि का ते या प्रकरणातून दिसतं.

शेड आणि त्याची खरी क्षमता

निवारा बेळगाव शहराबाहेर, खानापूरच्या अंगाला. पत्र्याचं लांब शेड, मध्ये सिमेंटचा बोळ, दोन्ही बाजूंना सोळा-सोळा केनेल, म्हणजे कुत्री ठेवायचे गाळे. प्रत्येक ओळीसमोरून उघडं गटार उताराने जातं, म्हणजे १ नंबरचं पाणी १६ नंबरच्या दारासमोरून वाहतं. शेडच्या मागे नसबंदीच्या कुत्र्यांसाठी वेगळा बारा केनेलचा ब्लॉक आणि एक जुनी कोठीची खोली. फलकावर क्षमता ४८ लिहिलेली, आत कुत्री ७१.

संख्या वाढण्याला कारणं आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं मोकाट कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं, त्यामुळे ती जनावरं पुढे सरकत राहतात. अपघातातली, लोकांनी सोडून दिलेली आणि आई हरवलेली पिल्लं मात्र अडकून पडतात. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री उचलल्यावर पुन्हा तिथे सोडायची नाहीत. म्हणजे कायम राहणारी कुत्री आणखी वाढणार. त्यात हा उसाचा पट्टा. दिवाळीनंतर टोळ्या येतात, त्यांच्यासोबत राखणीची कुत्री येतात, फडाच्या कडेला पिल्लं होतात, आणि तळ हलला की काही पिल्लं मागे राहतात.

इंटर्ननी पहिल्याच दिवशी केलेला हिशेब असा. झाडणं आणि खाऊ घालणं मिळून एका कुत्र्यामागे रोज किमान १५ मिनिटं लागतात, हा निवारा वैद्यकात सर्वमान्य ठोकताळा आहे. ७१ कुत्र्यांना १,०६५ मिनिटं, म्हणजे पावणेअठरा तास. कामगार तीन. त्यातला एक गाडीवर. उरलेल्या दोघांचे शस्त्रक्रियेची तयारी, स्वयंपाक, फोन आणि फाटक यातून शेडसाठी जेमतेम पाच-पाच तास निघतात. दहा तास म्हणजे ६०० मिनिटं, म्हणजे ४० कुत्री. फलक काहीही म्हणो, या निवाऱ्याची क्षमता ४० आहे. त्यापुढच्या प्रत्येक कुत्र्याचा वेळ कुठून तरी कापला जातो आणि सगळ्यात आधी कापली जाते ती धुलाई.

दुसरा हिशेब मुक्कामाचा. रोज सरासरी ३ कुत्री येत असतील आणि प्रत्येक सरासरी २० दिवस राहत असेल, तर आत कायम ६० कुत्री असणार. मुक्काम १३ दिवसांवर आणला तर तीच आवक असताना ३९. केनेल न बांधता जागा वाढवण्याचा हा एकच मार्ग आहे. तो औषधांनी साधत नाही. रोजच्या फेरीत प्रत्येक कुत्र्यासमोर उभं राहून ‘हे इथे कशासाठी थांबलंय?’ विचारावं लागतं. टाके काढायचेत, दुसरी लस बाकी आहे, दत्तक घेणाऱ्याचा फोन यायचाय, की कुणालाच ठाऊक नाही? त्या फेरीत नऊ कुत्र्यांच्या बाबतीत शेवटचं उत्तर मिळालं.

पहिले पाच दिवस

डिसेंबरचा दुसरा आठवडा. संध्याकाळी कुणीतरी खताच्या पोत्यात पाच पिल्लं घालून फाटकाशी ठेवून गेलं. वय सात-आठ आठवडे. तपासणीची खोली बंद, किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे. राखणदाराने दया येऊन ती १४ नंबरमध्ये ठेवली. शेजारी १३ मध्ये दत्तक जाण्याच्या तयारीतली चार पिल्लं होती, तीन महिन्यांच्या आतली, लसीचा एकच डोस झालेली. १५ मध्ये नसबंदी झालेल्या दोन मोठ्या कुत्र्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंटर्ननी पिल्लांचं वजन केलं, जंताचं औषध पाजलं, डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) आणि पार्व्होची लस टोचली. कागदावर सगळं बरोबर. पण पाचही पिल्लं मांडीवर घेऊन दूध-भाकरी भरवणारी इंटर्न त्याच अ‍ॅप्रनवर १३ मध्ये गेली. थर्मामीटर एकच होता, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला जात होता. पार्व्होवर स्पिरिटचा भरवसा धरता येत नाही. हाताला चोळायच्या सॅनिटायझरचंही तेच.

तिसऱ्या दिवशी १३ मधलं एक पिल्लू शिनोळीच्या एका कुटुंबाने नेलं. चौथ्या दिवशी १४ मधलं एक पिल्लू कोपऱ्यात बसून राहिलं, संध्याकाळी पिवळट फेसाची उलटी. पाचव्या दिवशी सकाळी दोघांना रक्ताचे जुलाब.

पार्व्होचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा ३ ते ७ दिवस जातात, क्वचित १४. विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागतो तो लक्षणांच्या आधीच. ही पिल्लं पोत्यात असतानाच बाधित होती आणि दुसऱ्या दिवशीची लस त्यांच्या कामाची नव्हती. १३ मधल्यांना मिळालेला एक डोसही पुरेसा नव्हता. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लसीला निष्प्रभ करतात, पण रोग रोखायला तोवर अपुरी पडलेली असू शकतात. या फटीतच पिल्लं सापडतात. निवाऱ्यात म्हणूनच चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी वीस आठवड्यांपर्यंत लस देत राहायची असते. घरच्या पिल्लाचं वेळापत्रक इथे लावून चालत नाही. आणि लस द्यायची ती दारात शिरताच. पहिली लस ‘उद्या सकाळी डॉक्टर आल्यावर’ दिली की मधली पूर्ण रात्र उघडी राहते.

किटवरची पुसट रेघ

पाचव्या दिवशी केलेल्या जलद चाचणीत तपासणीची रेघ पुसट उमटली. इंटर्नमध्ये मतभेद झाले. एकाचं म्हणणं, तीनच दिवसांपूर्वी जिवंत लस दिली आहे, रेघ लसीची असेल. शंका योग्य आहे. लसीतला विषाणू काही दिवस विष्ठेतून थोडा जातो आणि क्वचित अशी रेघ उमटवतो. पण लसीने रक्ताचे जुलाब होत नाहीत. समोरच्या पिल्लाला उलट्या, रक्त, ताप आहे, लसीचा पुरा इतिहास नाही, तर रेघ पुसट असो की नसोच, ते पार्व्हो धरूनच हलवायचं. चाचणी नकारात्मक आली तरीही, कारण सुरुवातीला आणि आजार उतरणीला लागल्यावर किट चुकतं.

रक्ताच्या यंत्राविनाही दुसरा पुरावा मिळतो. कानाच्या कडेच्या थेंबाचा पातळ लेप काढून रंगवला. पूर्ण स्लाइड चाळली तरी पांढऱ्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या. रेघेवरचा वाद तिथे मिटला.

मग कामाची वाटणी. निवाऱ्यातल्या सगळ्या कुत्र्यांचे चार गट पाडले: आजारी; संपर्कात आलेली पिल्लं आणि लस नसलेली; संपर्कात आलेली, लस झालेली मोठी; आणि अजिबात संपर्क नसलेली. आजारी पिल्लं कोठीच्या खोलीत. १३ मधली उरलेली तिन्ही जागेवरच, १४ दिवस क्वारंटाइनमध्ये. त्यांना ‘सुरक्षित’ केनेलमध्ये हलवण्याचा मोह सगळ्यांना होतो. हलवली की ती केनेलही गेली. १५ मधल्या कुत्र्या मोठ्या आणि लसीकरण झालेल्या, त्यांचा धोका कमी. प्रतिपिंडांचं किट परवडत असेल तर अशांचं रक्त तपासून त्यांना लवकर मोकळं करता येतं. इथे चार मोठ्या कुत्र्यांवर ते वापरलं, चौघंही संरक्षित निघाली आणि चार केनेल रिकामी झाली.

आवक बंद करावी का, यावर बराच वेळ गेला. फाटक बंद केलं तर पोती रस्त्याच्या कडेला पडतात. दार चालू ठेवायचं, पण नवं जनावर जुन्या शेडला शिवता कामा नये. त्यासाठी नसबंदीचा ब्लॉक रिकामा केला. आधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांचे निगराणीचे किमान चार दिवस पूर्ण होऊ दिले आणि नवी पकड दोन आठवडे थांबवली. पालिकेच्या बाजूने यावर नाराजी येते. ती लेखी कारण देऊन, तारखेसकट उत्तर देऊन निभवायची असते, आणि ते पत्र लिहिणं हाही इंटर्नच्या शिक्षणाचा भाग आहे.

धुलाई

झाडलोट करणाऱ्या अक्कांचं म्हणणं खरं होतं: “रोज दोन टाइम फिनेल मारतोय की ओ डॉक्टर, वास बघा की कसा येतोय.” काम प्रामाणिक होतं, वस्तू चुकीची होती. पार्व्होच्या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे फिनेल आणि बाजारातली बरीच सुवासिक फ्लोअर क्लीनर त्याचं काही बिघडवत नाहीत. तो सावलीत, ओलसर जागी महिनोन्महिने टिकतो. काम करतं ते क्लोरीन.

५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ३२ पटीत पातळ करायचं, म्हणजे १० लिटरच्या बादलीत सुमारे ३०० ते ३२० मिली. कोठीत ब्लीचिंग पावडरचं पोतं होतं, पण तोंड उघडं, पावसाळाभर हवा लागलेली. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं आणि लिटरला ६ ग्रॅम पुरतात. उघड्या पोत्यात किती उरलंय हे सांगता येत नाही, म्हणून ते गटारासाठी ठेवलं आणि केनेलसाठी बंद कॅन आणले. द्रावण रोज नवं करायचं. त्यात फिनेल किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळायचं नाही. अ‍ॅसिडबरोबर क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद शेडमध्ये तो माणसालाही आडवा करतो.

प्रमाणापेक्षा क्रम जास्त चुकतो. आधी विष्ठा खुरप्याने उचलायची. मग साबणाच्या पाण्याने घासायचं आणि तो साबण धुऊन काढायचा. मग हायपोक्लोराइट, आणि पृष्ठभाग पूर्ण १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. मग पुन्हा पाणी, मग वायपरने कोरडं. घाणीवर ओतलेलं क्लोरीन त्या घाणीतच खर्च होऊन जातं. इंटर्न हमखास चुकतात ती दहा मिनिटं. ओतलं की लगेच पाणी मारतात. भिंतीवर घड्याळ लावून केनेलच्या दारावर खडूने वेळ लिहायला लावली, तेव्हा ते सुधारलं.

पाइपची जोरदार धार पूर्ण बंद केली. धारेने विष्ठेचे तुषार शेजारच्या केनेलमध्ये उडतात आणि उतारावरच्या गटारातून बाकीचं पुढे जातं. दारातली पाय बुडवायची ताटलीही काढून टाकली. बूट दोन सेकंद बुडतो, क्लोरीनला दहा मिनिटं लागतात, तळव्याला चिकटलेली घाण तशीच राहते, आणि माणसाला मात्र आपण स्वच्छ झालो असं वाटतं. त्याऐवजी कोठीच्या खोलीसाठी वेगळे गमबूट, वेगळा खराटा, वेगळी बादली, वेगळं थर्मामीटर. सगळ्यांना लाल रंगाची पट्टी. क्वारंटाइनला पिवळी, बाकी शेडला हिरवी. इथले कामगार काही कन्नड वाचतात, काही मराठी, काहीच वाचत नाहीत. रंग सगळ्यांना कळतो.

कामाचा क्रमही रंगानेच: हिरवं, मग पिवळं, शेवटी लाल. लाल खोलीतला माणूस त्या दिवशी परत शेडमध्ये येत नाही. आणि सगळं सकाळी दहाच्या आत, कारण डिसेंबरात बेळगावच्या हवेत दुपारनंतर धुतलेली फरशी रात्रीपर्यंत वाळत नाही आणि ओल्या फरशीवर झोपलेलं पिल्लू गारठून जातं.

सलाईनचा हिशेब, आणि तो कुठे बिघडला

एक पिल्लू २.४ किलोचं, ८ टक्के निर्जलित. कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसते, हिरड्या चिकट, डोळे थोडे आत.

तूट: २.४ × ०.०८ × १००० = १९२ मिली, ८ तासांत भरायची, म्हणजे तासाला २४. रोजची गरज पिल्लाला किलोमागे १०० मिली धरली तर २४० मिली, तासाला १०. जुलाब-उलटीतून जाणारं अंदाजे ७५ मिली, तासाला ३. एकूण तासाला ३७ मिली रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन), आठ तासांनंतर तासाला १३.

इथे चूक झाली. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब: ३७. हे पाठ असलेल्या इंटर्नने ३७ थेंब लावले, पण हातात साधा सेट होता, ज्यात २० थेंबांचा मिली होतो. म्हणजे तासाला १११ मिली गेले. या पिल्लाचं सगळं रक्त मिळून जेमतेम २०० मिली. दीड तासात श्वास वाढला, नाकातून पातळ पाणी आलं. सलाईन थांबवल्यावर पिल्लू सावरलं. साध्या सेटवर ३७ मिलीसाठी मिनिटाला १२ थेंब हवे होते. नंतर प्रत्येक पिल्लाला ब्युरेट सेटच (बाटलीखाली मिलीच्या खुणांची छोटी नळी असलेला) लावायचा आणि ब्युरेटमध्ये एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त द्रव भरायचा नाही असा नियम केला. मग थेंब चुकले तरी नुकसानीला मर्यादा राहते.

साखर माणसांच्या ग्लुकोमीटरवर तपासायची. ६० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे १ ते २ मिली, तितक्याच सलाईनमध्ये पातळ करून, सावकाश शिरेतून. पुढे चालू ठेवायला ५०० मिलीच्या बाटलीतून ५० मिली रिंगर काढून तितकंच २५ टक्के डेक्स्ट्रोज घातलं की अडीच टक्क्यांचं द्रावण होतं. जुलाबात पोटॅशियम जातं. तूट भरून झाल्यावर, सलाईन मंद केल्यावरच ५०० मिलीत पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्क्यांच्या अँप्यूलमधले ५ मिली, आणि बाटली नीट उलटीसुलटी करून. न ढवळलेलं पोटॅशियम तळाशी बसतं आणि एकदम गेलं तर हृदय थांबवतं. तासाला किलोमागे ०.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (क्षार मोजण्याचं एकक) वर कधीच नाही.

उलटीसाठी ऑनडान्सेट्रॉन किलोमागे ०.५ मिग्रॅ; या पिल्लाला ०.६ मिली, सावकाश. अँपिसिलिन किलोमागे २० मिग्रॅ दिवसातून तीनदा. जेंटामायसिन हाताशी असतं म्हणून देण्याची सवय ग्रामीण भागात दिसते. निर्जलित पिल्लाच्या मूत्रपिंडाला ते बाधतं. एन्रोफ्लोक्सासिन वाढत्या पिल्लाच्या सांध्यांच्या कूर्चेला.

‘उलटी थांबेपर्यंत उपाशी ठेवा’ हा जुना सल्ला सोडून द्यायला हवा. उपाशी आतडं लवकर सावरत नाही. उलट्या आटोक्यात येताच, पहिल्या दिवसातच, लहान मुलांची फीडिंग ट्यूब नाकातून घालून पातळ पेज आणि कोंबडीचं गाळलेलं सूप, सुरुवातीला किलोमागे १-२ मिली दर दोन तासांनी. ट्यूब पोटात आहे याची खात्री केल्याशिवाय थेंबही नाही. तोंडात सिरिंजने कोंबायचं नाही, ते फुप्फुसात जातं. आणि आधी पिल्लू उबदार करायचं, मग भरवायचं. गारठलेल्या पिल्लाचं पोट हलत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्यावी, उघडी बाटली कातडी भाजते.

न सांगितलेला चावा

संपर्काची यादी करताना सहाव्या दिवशी कळलं की दुसऱ्या दिवशी वजन करताना एका पिल्लाने एका इंटर्नला चावलं होतं. दुधाचे दात, टाचणीएवढं रक्त. ‘पिल्लूच तर होतं’ म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. सकाळी तेच पिल्लू मेलं होतं.

तीन महिन्यांखालच्या पिल्लालाही रेबीज होतो. चावलेलं कुत्रं दहा दिवस निरोगी राहिलं तर चाव्याच्या वेळी ते रेबीज पसरवत नव्हतं असं म्हणता येतं. दहा दिवसांत मेलं, मग कारण पार्व्हो दिसत असलं तरी, तो आधार उरत नाही. रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीचा. या इंटर्नची पूर्वप्रतिबंधक लस झाली होती, म्हणून दोन डोस, ० आणि ३ ऱ्या दिवशी, इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) गरज नाही. पूर्वलस नसती तर पूर्ण मालिका आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुणं हे दोन्ही बाबतींत सगळ्यात आधी, आणि तेच राहून गेलं होतं. डोस त्याच दुपारी सुरू झाला.

पिल्लाचा मेंदूचा नमुना बर्फावर बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या रेबीज निदान प्रयोगशाळेत पाठवला. फॉर्मलिनमध्ये घालायचा नाही, नेहमीच्या चाचणीला तो ताजाच लागतो. नमुना काढायचं काम पूर्वलस झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी, चष्मा, मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून केलं; इंटर्ननी बाहेरून पाहिलं. निकाल नकारात्मक आला. तोवर दोन्ही डोस होऊन गेले होते, आणि निकालाची वाट बघत डोस थांबवायचा नसतोच.

पूर्वलसीचं कार्ड दाखवल्याशिवाय इंटर्नला शेडमध्ये पाऊल टाकू देऊ नये. चावा, ओरखडा, डोळ्यात उडालेली लाळ यांची वही फाटकाजवळ टांगलेली असावी आणि तिच्यात नोंद केली म्हणून कुणालाही बोल लावू नये. रागावलं की नोंदी बंद होतात.

शिनोळीचं पिल्लू

शिनोळी चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्रात, पण निवाऱ्यापासून दुचाकीने सहज जाण्याजोगी. इंटर्नने पाचव्याच दिवशी फोन लावला. पिल्लू खेळत होतं. घरात आणखी एक कुत्रा, लस कधीच नाही. फोनवर काय सांगायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं: पिल्लू १४ दिवस घरातच, इतर कुत्र्यांपासून दूर, खाणं सोडलं किंवा उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि आत न नेता आधी बाहेरून सांगायचं, घरच्या कुत्र्याला लगेच लस, विष्ठा कागदाने उचलून जाळायची किंवा खोल पुरायची.

अंगण शेणाने सारवलेलं. तिथे हायपोक्लोराइट ओतून उपयोग नाही, माती आणि शेण ते लगेच निकामी करतात. पिल्लाला एका फरशीच्या पडवीत ठेवायचं आणि ती पडवी धुवायची, एवढंच हातात होतं. पुढचं वर्षभर त्या अंगणात लस न झालेलं पिल्लू आणू नये, हेही स्पष्ट सांगितलं. लोकांना हे सांगताना इंटर्न कचरतात, दत्तक परत येईल म्हणून. न सांगितलं तर पुढचं पिल्लू मरतं आणि निवाऱ्यावरचा विश्वासही जातो. हे पिल्लू आजारी पडलं नाही.

१३ मध्ये राहिलेल्या तिघांपैकी दोन आठव्या आणि नवव्या दिवशी आजारी पडली. लक्षणांच्या पहिल्या तासापासून उपचार मिळाल्याने दोन्ही वाचली. पोत्यातल्या पाचपैकी दोन गेली. तेराव्या दिवसानंतर नवा रुग्ण नाही.

इंटर्नचा पंधरवडा कसा लावावा

सहा इंटर्न असतील तर लाल खोलीत दोन, पिवळ्यात दोन, हिरव्यात एक, आणि नोंदी-फोनवर एक. लाल खोलीतले दोघे साथ संपेपर्यंत बदलायचे नाहीत. सगळ्यांना सगळं शिकायला मिळावं म्हणून रोज अदलाबदल करण्याची पद्धत वॉर्डात ठीक आहे, साथीत ती विषाणूची वाहतूक ठरते. बाकीच्यांनी खिडकीतून बघावं, हिशेब मात्र सर्वांनी रोज वेगवेगळा करून ताडून पाहावा. इंटर्न हा अजून नोंदणीकृत पशुवैद्य नसतो. कर्नाटकातला असो की महाराष्ट्रातला, औषध लिहिणं आणि दयामरणाचा निर्णय देखरेख करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांचाच.

साथ नसतानाच्या पहिल्या दोन दिवसांत फक्त झाडलोट, अक्का आणि मामांच्या हाताखाली. तिसऱ्या दिवशी हळदीचा सराव: एका रिकाम्या केनेलच्या कडीला, भांड्याला आणि फरशीच्या कोपऱ्याला दाट हळद कालवून लावायची आणि काही न सांगता नेहमीचं काम करू द्यायचं. अकरा वाजता शेडभर फिरून पिवळे डाग शोधायचे. ते नळाच्या तोटीवर सापडतात, पेनावर, मोबाइलच्या मागे, तिसऱ्याच केनेलच्या दारावर. साबण लागलेली हळद लालसर होते, त्यामुळे कुणी पाण्याने नुसतं विसळलं आणि कुणी साबण लावला हेही दिसतं.

परीक्षा घ्यायची ती तोंडी नको. समोर दोन प्रकारचे सलाईन सेट ठेवून थेंब लावायला सांगावेत, बादली आणि कॅन देऊन द्रावण करायला सांगावं, पाकीट न वाचता औषध भरतो का ते बघावं, आणि एका खोट्या दत्तक कुटुंबाला फोन करायला लावावा.

बरी झालेली पिल्लं लक्षणं थांबल्यावरही १४ दिवस वेगळीच ठेवली, कारण तेवढे दिवस विषाणू जाऊ शकतो. बाहेर काढताना साबणाने आंघोळ, अंगावरचे केस कोरडे करून स्वच्छ टोपलीत, आणि थेट हिरव्या बाजूला. गटाराची दिशा बदलणं हे मोठं बांधकाम आहे. तोवर पिल्लांच्या केनेल १ ते ४ केल्या, म्हणजे उताराच्या वरच्या टोकाला, जिथे कुणाचंच पाणी वरून येत नाही. १४ नंबरमध्ये आता लसीकरण झालेली मोठी कुत्रीच ठेवतात, आणि तपासणीच्या खोलीची दुसरी किल्ली राखणदाराकडे असते, शेजारच्या छोट्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर लसीचे डोस आणि त्याला शिकवलेला एकच नियम: पोतं आलं तर आत या खोलीतच ठेवायचं आणि डॉक्टरांना त्याच वेळी फोन करायचा.